रंग कोणी भरला?

आमच्या घरी आजीचा एक फोटो आहे. मूळ काळापांढरा, मागाहून स्टुडिओवाल्याने तो ब्रशने रंगवून दिला. लुगडे त्याने हिरवे केले. आत्या मात्र शेवटपर्यंत सांगत राहिल्या, "आईचं ते इरकल तांबडं होतं." आत्या गेल्या, फोटो राहिला. आमची मुले पणजीला हिरव्या लुगड्यातच ओळखतात. जुन्या रंगीत चित्रग्रंथांविषयी वाचताना आम्हाला हाच फोटो आठवत राहिला.

आपल्या पिरनवाडी नाक्यावरून जांबोटीकडे वळलेली वाट चोर्ला घाटाने गोव्यात उतरते. त्या गोव्यात १५८३ साली यान हाउखेन व्हान लिन्स्खोटेन हा डच तरुण आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून आला. पाचेक वर्षे राहून त्याने बाजार, शेतकरी, ब्राह्मण, व्यापारी, पालखीतले पोर्तुगीज असे सारे पाहिले. घाटावरच्या मुलखाला 'बालाघाट' म्हणतात, हेही त्याने टिपून ठेवले. १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचे पुस्तक निघाले. त्याच्या रेखाटनांवरून व्हान डूटेकम बंधूंनी तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरली. छपाई काळ्या शाईची. काही प्रती मात्र नंतर हाताने रंगवल्या गेल्या. रेषा गोवा पाहिलेल्या माणसाची, रंग मात्र दूर युरोपातल्या कोणाचा तरी. म्हणून अशा चित्रातला शेतकरी कमरेला काय गुंडाळत होता हे पाहावे; त्याच्या रंगावर पैज लावू नये.

पुढे हे काम कारखान्यासारखे चालू लागले. लंडनच्या ॲकरमन यांनी १८२० साली एमरिक एसेक्स व्हिडाल याचे ब्युनॉस आयर्स आणि माँटेव्हिडिओवरचे पुस्तक काढले. त्यात २४ रंगीत चित्रे. पाण्याची गाडी, घोड्यावरून दूध विकणारी पोरे, इतकेच काय, घोड्यावर बसून भीक मागणारा भिकारीसुद्धा! घोडे मुबलक असलेल्या देशाची ही खूण. आम्लाने पत्र्यावर उठवलेले चित्र आधी छापत, मग प्रत्येक प्रतीवर हाताने रंग चढवत.

त्याआधीच, १८१३ मध्ये, टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ सालच्या दौलतराव शिंद्यांच्या छावणीतली पत्रे लंडनला छापली. सोबत दहा रंगीत चित्रे. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव ठळक आहे; चित्रे काढणाऱ्याचा उल्लेख मात्र नुसता 'एतद्देशीय चित्रकार' एवढाच. छावणी आपली, हात आपल्याच देशातला, आणि मुखपृष्ठावर नाव नाही.

या ग्रंथांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. फोटो नव्हते त्या काळात आपल्या माणसांचा पेहराव त्यांनीच जपला. पण पाहणारा कोण, काढणारा कोण आणि रंग भरणारा कोण, हे तिन्ही प्रश्न विचारूनच ती पाने उलटावीत.

आणि आपल्या घरचे? सीमाभागातील आपल्या मराठी कुटुंबांच्या ट्रंकांत जुने फोटो, लुगडी, फेटे पडून आहेत. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. या गणेशोत्सवात आरतीनंतर एक काम करूया. घरातल्या थोरांजवळ बसून प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहूया: नाव, गाव आणि वस्त्राचा खरा रंग. आम्ही सुरुवात केली आहे. आजीच्या फोटोमागे लिहिले, 'इरकल तांबडे होते. सांगितले आत्यांनी.'

गणपती बाप्पा मोरया!