तुळाजीची परतीची वाट

दिवाळीच्या सुटीत कुठे जायचे, हा प्रश्न आमच्या घरात दरवर्षी नवरात्रात निघतो आणि लक्ष्मीपूजनापर्यंत आपोआप मिटतो. सुटी भवानी पेठेतच, शेजारच्या मागांचा खडखडाट ऐकत पार पडते. यंदा मात्र प्रश्न काही मिटेना, आणि त्याला कारण झाला माझा अमेरिकेतला भाचा.

त्याने काही छायाचित्रे पाठविली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारा रस्ता. एका अंगाला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला रेडवूड वृक्षांचे अरण्य. त्यांतले काही वृक्ष शंभर मीटरांहून उंच, आणि काहींचे वय दोन हजार वर्षांचे. म्हणजे आपल्याकडे सातवाहन नांदत होते, तेव्हा ती झाडे रोपटी होती! एका बुंध्याशी आमचे चिरंजीव भाचे मुंगीएवढे दिसत होते. खाली लिहिले होते, 'मामा, एकदा याच. गाडी मी चालवीन, रस्ता तुम्ही आखा.'

अमेरिकेची वारी मास्तराच्या पगारात बसत नाही आणि कादंबऱ्यांच्या मानधनात तर नाहीच नाही. पण 'रस्ता आखा' हे शब्द मनात घर करून बसले. समुद्र आणि अरण्य आपल्याकडेही आहेत की! मी महाराष्ट्राचा नकाशा काढून भुईवर पसरला. मुले भोवती जमली. सौभाग्यवती स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "अहो, रस्ता मागाहून आखा, आधी गाडीभाड्याचं बघा!"

आम्हा सोलापूरकरांना समुद्राचे अप्रूप फार. लहानपणी सिद्धेश्वराचा तलाव हाच आमचा समुद्र होता. नकाशावर मी बोट ठेवले: मंगळवेढे, सांगोले, मिरज, कोल्हापूर. इथवर वाद नव्हता. पुढे सह्याद्री आडवा आला. आंबा घाटाने रत्नागिरीला उतरायचे, फोंडा घाटाने जायचे, की गगनबावड्यावरून? मत पडेना, तेव्हा मी मास्तरांच्या सवयीने कपाटातून इतिहासाची पुस्तके काढली. आणि त्यांत आमच्याच गावचे नाव अचानक समोर आले.

कान्होजी आंग्र्यांचा मुलगा तुळाजी. विजयदुर्ग हे त्याचे मुख्य ठाणे, आणि इंग्रज, डच, पोर्तुगीज या सर्वांच्या जहाजांना त्याचा धाक. हा तुळाजी शेवटी कैदेत मेला. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे की, त्याला प्रथम साताऱ्याजवळच्या वंदनगडावर आणि नंतर सोलापुरास ठेवले होते. मी ते वाक्य दोनदा वाचले. ज्या माणसाचे सारे आयुष्य लाटांवर गेले, त्याला आणून ठेवले ते आमच्या या कोरड्या मुलखात!

हे घडले कसे, ते मुलांना सांगितलेच पाहिजे होते. तुळाजी पराक्रमी खरा, पण तो पेशव्यांना जुमानीत नसे, आणि आपल्या माणसांनाही त्याचा जाच होई. नानासाहेब पेशव्यांनी त्याला मोडण्यासाठी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ त सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ त अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. तुळाजी त्या वेळी तह ठरविण्यासाठी मराठ्यांच्या छावणीत गेला होता. इंग्रजांचा गोळा आंग्र्यांनीच पूर्वी जिंकून आणलेल्या एका इंग्रजी जहाजावर पडला. ते पेटले, आणि शेजारी नांगरलेल्या गुराबा न् गलबते एकामागून एक पेटत गेली. ज्या आरमाराची उभारणी शिवाजी महाराजांनी केली आणि कान्होजींनी ज्याला नावारूपाला आणले, त्याचा एक मोठा हिस्सा काही तासांत राख झाला. आपल्याच सत्तेने आपलेच आरमार परक्याच्या हातून जाळविले, ही बोच इतिहासकारांच्या मनातून अजून गेलेली नाही.

"बाबा, एवढी जहाजं करायला किती झाडं लागली असतील?" धाकटीने विचारले.

या प्रश्नाने आमचा घाट ठरला. गगनबावडा! कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरांवरचे हे गाव म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी जे अष्टप्रधानांत होते आणि राजाराम महाराजांच्या पडत्या काळात ज्यांनी राज्य सावरून धरले, तेच हे पंत. कोल्हापूरकर संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १७१५-१६ च्या सुमारास, त्यांच्या नावाने 'आज्ञापत्र' हा राजनीतीचा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात आरमाराच्या प्रकरणात झाडांचा विचार आहे. त्याचा आशय असा: जहाजांना फळ्या आणि डोलकाठ्या लागतात. आपल्या अरण्यातला सागवान लागेल तो हुजूरची परवानगी घेऊन तोडावा. अधिक लागेल तो परमुलखातून विकत आणावा. आंबा-फणसाचे लाकूडही कामाचे असते, पण त्या झाडांना हात लावू देऊ नये; कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. वीस वर्षे मी वर्गात हा मजकूर 'शिवाजी महाराजांचे पत्र' म्हणून सांगत आलो. पुष्कळ ठिकाणी तो तसाच छापलेला असतो. पण तो आहे अमात्यांच्या आज्ञापत्रातला. महाराजांच्या हाताखाली घडलेल्या माणसाने त्यांच्या मागे ती शिकवण लिहून ठेवली, यात महाराजांचे थोरपण उणे होत नाही, उलट वाढतेच.

दुसरी कबुली त्याहून जड आहे. पंधरा वर्षांपूर्वी हाच भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला येणार होता. खोली अपुरी पडत होती. अंगणात वडिलांनी लावलेला कडुनिंब होता. मी तो तोडला आणि तिथे सिमेंटची खोली बांधली. वडील तेव्हा हयात होते. मी त्यांना विचारले नाही; फक्त सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दुपारी आपली सतरंजी घेऊन शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. अमात्यांनी 'धन्याला राजी करून' हे का सांगितले असेल, ते मला तीनशे वर्षे जुन्या त्या ओळींत यंदा उमगले.

कॅलिफोर्नियातही निराळे घडले नाही. १८४९ च्या सोन्याच्या लोंढ्यानंतर शहरे उभी राहिली ती याच रेडवूडच्या लाकडावर. १९१८ मध्ये काही जाणत्या लोकांनी ती झाडे वाचविण्यासाठी मंडळ स्थापले, १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तोवर बहुतेक अरण्य गेले होते. आज मूळच्या पुरातन वृक्षांपैकी शेकडा पाचच्या आसपास उरले आहेत. भाच्याचा तो रम्य रस्ता त्या उरलेल्या पाचांतून जातो.

आमच्या कोकणचा किनारा अशा सलग रस्त्याला सहजासहजी वश होणारा नव्हे. सह्याद्रीवरून धावत आलेल्या आखूड नद्या जागोजाग खाड्या करून बसल्या आहेत. म्हणून शतकानुशतके समुद्र हाच तिथला हमरस्ता होता; आधी गलबते, मग आगबोटी. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली आणि शेकडो घरांत अंधार झाला, ती याच हमरस्त्यावर. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९८०-८२ मध्ये, पुढे आली. खाडीवर पूल नसेल तिथे तरीत गाडी चढवून पलीकडे जायचे, ही मौज मुलांना वेगळीच!

तेव्हा वाचकहो, आमचा बेत असा ठरला आहे. भाऊबीज आटोपली की निघायचे. पहिला मुक्काम कोल्हापूर. दुसऱ्या दिवशी गगनबावडा. तिथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट उतरतात, त्यांतला कोणता खुला आहे याची आदल्या दिवशी चौकशी करायची. मग वैभववाडी, तळेरे आणि विजयदुर्ग. तिथून देवगड, मालवण.

पण निघण्यापूर्वी धाकटीने एक दुरुस्ती सुचविली, आणि सौभाग्यवतींनीही ती उचलून धरली. पहाटे गाडी आधी आमच्या भुईकोट किल्ल्यापाशी थांबवायची. तुळाजीला परत जाता आले नाही. निदान त्याचे नाव घेऊन तरी समुद्राकडे निघायचे.

भाच्याला हा बेत कळविला. सोबत त्याची ती जुनी खोली कुणाच्या जागेवर उभी आहे, तेही लिहिले. त्याचे उत्तर एका ओळीचे आले: 'मामा, परत आल्यावर अंगणात जागा किती उरली आहे, ते मोजून कळवा.'