चिरकारी रोग, औषध आणि रोग्याचे हित : वर्धा जिल्ह्यातील कुष्ठोपचाराचा इतिहास

चिरकारी रोगावर गुणकारी औषध सापडले म्हणजे रोग्याचे हित आपोआप साधते काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय. त्याच्या विचारास वर्धा जिल्ह्यातील कुष्ठोपचाराचा इतिहास विशेष उपयुक्त आहे. कारण तेथे उपचाराच्या तीन अवस्था क्रमाने पाहावयास मिळतात.

पहिली अवस्था आश्रयाची. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी दत्तपूर येथे कुष्ठसेवेस आरंभ केला. पुढे सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी परचुरे शास्त्री यांची शुश्रूषा स्वतः केली. त्या काळी चौलमुग्रा तेलाची टोचणी हाच प्रमुख उपचार होता. ती वेदनादायक असून तिचा गुण अनिश्चित होता. औषध दुबळे असल्यामुळे अन्न, जखमांची निगा आणि झेपेल ते काम यांवर भर देणे भाग होते.

१९४०च्या दशकात सल्फोन वर्गातील औषधे आली आणि दुसरी अवस्था सुरू झाली. त्यांतील डॅप्सोन स्वस्त होते व तोंडाने घेता येत असे. घरबसल्या गोळी घेता येत असेल, तर रोग्यास वसाहतीत आणण्याचे प्रयोजन उरत नाही. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने १९५१पासून डॉ. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, लोकशिक्षण व उपचार ही त्रिसूत्री अंगीकारली. कार्यकर्ते घरोघर जाऊन बधिर चट्टे शोधू लागले. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमाने हीच दिशा स्वीकारली.

परंतु डॅप्सोन वर्षानुवर्षे, काहींना तर आजन्म घ्यावे लागे. चट्टा फिका पडला आणि वेदना नसली, की रोगी गोळी सोडून देई. एकाच औषधावर विसंबण्याचे दुष्परिणाम १९६४ साली मलेशियातील संशोधनाने उघड केले : जंतू डॅप्सोनला दाद देईनासे झाल्याचे तेथे सिद्ध झाले. यातूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकाच्या आरंभी रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन व डॅप्सोन यांच्या संयुक्त उपचाराची शिफारस केली. ही तिसरी अवस्था. भारतात हा उपचार ज्या जिल्ह्यांत प्रथम राबविला गेला, त्यांत वर्धा होता. महिन्यातून एक मात्रा कार्यकर्त्यासमोरच घ्यावयाची असल्याने नियमितपणा केवळ रोग्याच्या मर्जीवर राहिला नाही. अल्पजंतू प्रकारात सहा महिने, तर बहुजंतू प्रकारात प्रारंभी किमान दोन वर्षे उपचार पुरेसा ठरला.

येथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. उपचार चालू असलेल्यांचीच गणना रोगी म्हणून होत असल्याने, उपचाराचा काळ आखडला की नव्या रोग्यांची संख्या तीच राहूनही नोंदवहीतील रोगी कमी दिसतात. २००५ अखेर देशात दर दहा हजारांमागे एकाहून कमी रोगी, हे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले. त्यामागे मोठे परिश्रम होते, हे निर्विवाद. तथापि त्या आकड्याचा अर्थ लावताना वरील गोष्ट विसरता येत नाही. शिवाय औषध जंतू मारते, नष्ट झालेला मज्जातंतू परत आणीत नाही. वाकडी बोटे आणि बधिर तळव्यावरची जखम घेऊन जगणारा मनुष्य नोंदवहीत 'रोगमुक्त' असतो; त्याला पादत्राण, शस्त्रक्रिया व रोजगार यांची गरज उरतेच.

मधुमेह व रक्तदाब यांचे उपचारही दीर्घकाळ चालणारे आहेत. मुळशीसारख्या डोंगराळ तालुक्यात त्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने किती गोळ्या वाटल्या एवढेच मोजू नये. वाडीपासून औषध किती दूर आहे, ते किती काळ घेतले गेले आणि रोग्याचे डोळे, पाय व उपजीविका यांचे पुढे काय झाले, हेही त्याने विचारले पाहिजे.