व्हो-ल-व्हिकोंत

व्हो-ल-व्हिकोंत हा फ्रान्समधील बरोक शैलीचा सरदारी प्रासाद आहे. तो पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे ५५ किमी अंतरावर, मेलँ शहराजवळील मँसी गावात आहे. राजा चौदावा लुई याचा अर्थमंत्री निकोला फुके याने तो बांधून घेतला. वास्तुकार लुई ल व्हो, चित्रकार शार्ल ल ब्रँ व उद्यानरचनाकार आंद्रे ल नोत्र यांनी येथे एकत्र काम केले. पुढे याच तिघांकडे राजाने व्हर्सायचे काम सोपवले.

इतिहास

फुकेने ही जहागीर १६४१ मध्ये विकत घेतली. मुख्य इमारतीचे बांधकाम १६५८ ते १६६१ या काळात झाले. १७ ऑगस्ट १६६१ रोजी फुकेने येथे राजाच्या सन्मानार्थ भव्य मेजवानी दिली. त्या प्रसंगी मोलियेरच्या 'ले फाश्यो' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. ५ सप्टेंबर रोजी नांत येथे फुकेला अटक झाली. मेजवानीतील वैभव पाहून राजाचा मत्सर जागा झाला, अशी आख्यायिका प्रचलित आहे. परंतु इतिहासकारांच्या मते अटकेचा निर्णय त्यापूर्वीच झाला होता आणि त्यामागे फुकेचा प्रतिस्पर्धी कोल्बेर याचे प्रयत्न होते. सरकारी पैशाच्या अपहाराच्या खटल्यात न्यायालयाने १६६४ मध्ये हद्दपारीची शिक्षा दिली. राजाने ती वाढवून जन्मठेप केली. फुके १६८० मध्ये पिन्यरोलच्या तुरुंगात मरण पावला.

प्रासादातील गालिचे, पुतळे व संत्र्याची झाडे राजाने नेली. मँसी येथील भित्तिपट विणण्याची कार्यशाळा पॅरिसला हलवण्यात आली. तीच पुढे गोब्लँ या नावाने प्रसिद्ध झाली.

स्थापत्य

प्रासादाभोवती पाण्याचा खंदक आहे. मध्यभागी लंबवर्तुळाकार दिवाणखाना असून तो दोन मजले उंच आहे. त्यावर घुमट आहे. दिवाणखान्याच्या एका बाजूस राजासाठी राखीव दालने, तर दुसऱ्या बाजूस फुकेची दालने आहेत. घुमटाच्या आतील भागासाठी ल ब्रँने आखलेले चित्र फुकेच्या अटकेमुळे कधीच पूर्ण झाले नाही.

उद्यान

उद्यान एका सरळ मध्यरेषेवर रचलेले आहे. जमिनीच्या उतारांचा उपयोग करून ल नोत्रने दृष्टिभ्रम साधला आहे. प्रासादातून पाहता दूरची कृत्रिम गुहा चौकोनी तलावाला लागूनच असल्याचे भासते. प्रत्यक्षात मध्ये खोलगट भागात मोठा कालवा आहे. तो जवळ गेल्यावरच दिसतो.

नंतरचा काळ

१७०५ मध्ये मार्शल व्हिलार व १७६४ मध्ये प्रालँचे ड्यूक प्रासादाचे मालक झाले. दुरवस्थेतील ही वास्तू १८७५ मध्ये आल्फ्रेड सोमिये या साखर-उद्योजकाने लिलावात विकत घेऊन तिचा जीर्णोद्धार केला. १९६८ पासून ती लोकांसाठी खुली आहे.