‘आत्महत्या’ हा शेरा कुणाचा?

कशेळीच्या खाडीत मृतदेह सापडला की पोलीस येतात, दोन पंचांसमोर पंचनामा होतो, ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद पडते. घरचे शवविच्छेदनाच्या अहवालाची वाट पाहतात. जीव दिला, पाय घसरला की कुणी ढकललं? अहवालात बहुधा इतकंच असतं: पाण्यात बुडून मृत्यू.

यात डॉक्टरांची चालढकल नसते. ते मृत्यूचं कारण सांगतात. नाकातोंडाशी बारीक फेस, मुठीत घट्ट धरलेलं गवत यांवरून माणूस जिवंतपणी पाण्यात पडला, असं म्हणता येतं. शंका उरलीच तर हाडातली मज्जा तपासतात. पाण्यात डायटम नावाचं, काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ असतं. बुडणारा पाणी ओढतो आणि चालत्या हृदयाबरोबर हे शेवाळ मज्जेपर्यंत पोचतं. या चाचणीवर तज्ज्ञांत वाद आहेत. पण ती बिनचूक ठरली तरी मनातला हेतू मज्जेत सापडणार नाही.

हेतूची चौकशी सुरू झाली ती दुःखापोटी नव्हे, वसुलीपोटी. इंग्लंडात ११९४ मध्ये कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी, नेमले गेले ते राजाचा महसूल राखायला. आत्महत्या शाबीत झाली की मृताची चीजवस्तू सरकारजमा होई. ही जप्ती १८७० मध्ये संपली. लगेच १८७१ चा कोरोनर कायदा हिंदुस्थानात आला, पण कलकत्ता, मद्रास, मुंबई या शहरांपुरता. मुंबईत कोरोनर निर्णय देई. ठाणे जिल्ह्यातल्या कशेळीला तो कधी मिळालाच नाही. इथे पोलीस, पंच आणि दंडाधिकारी. मुंबईचा कोरोनरही १९९९ मध्ये गेला.

म्हणून ‘आत्महत्या’ हा निष्कर्ष आजही चौकशीतून निघतो: चिठ्ठी, फोन, कर्ज, आजारपण, घरच्यांचे जबाब. अमेरिकेत एडविन श्नाइडमन यांनी १९५० च्या दशकात मृताच्या आप्तांशी सविस्तर बोलून त्याची मनःस्थिती उभी करण्याची पद्धत घडवली. आपल्याकडे जबाब घेणाऱ्या हवालदाराला हे शिक्षण मिळायलाच हवं. घरच्यांच्या वाट्याला तो शेरा जन्मभर येतो.

कायद्याने एके ठिकाणी मात्र ‘आत्महत्या’ या शब्दावर सहज विश्वास ठेवायचं नाकारलं. स्टोव्हच्या भडक्यात सुना जळत होत्या, त्या काळात, १९८३ मध्ये, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये भर पडली: लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईने आत्महत्या केली, तर शवविच्छेदन टाळता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद नव्या संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे.