श्वेत कोशिकांचे प्रतिपिंडांद्वारे अभिज्ञान
रक्तातील श्वेत कोशिकांच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांना चिकटणारे प्रतिपिंड (परक्या पदार्थांविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रथिने) वापरून त्या कोशिकांचे उपप्रकार ओळखण्याची पद्धती. रूपावरून न ओळखू येणाऱ्या कोशिका हिच्यामुळे वेगळ्या करता येऊ लागल्या.

पॉल एर्लिख यांनी १८७९ च्या सुमारास अ‍ॅनिलीन रंजकद्रव्ये वापरून श्वेत कोशिकांतील कणिका रंगविल्या व त्यांवरून इओसीनरागी, क्षारकरागी व उदासीनरागी हे प्रकार ठरले. लसीका कोशिकांच्या बाबतीत ही युक्ती लंगडी पडली. मोठे गोल केंद्रक आणि त्याभोवती कोशिकाद्रव्याचा अरुंद पट्टा, एवढेच सूक्ष्मदर्शकातून दिसे. जे. एफ. ए. पी. मिलर यांनी १९६१ मध्ये नवजात उंदरांची यौवनलोपी ग्रंथी काढून टाकली, तेव्हा परक्या त्वचेचे कलम नाकारण्याची त्यांची शक्ती क्षीण झाली. १९६५ मध्ये मॅक्स कूपर व रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांवरील प्रयोगांतून लसीका कोशिकांचे दोन स्वतंत्र वंश असल्याचे दाखविले. हेच पुढे टी व बी कोशिका म्हणून ओळखले गेले. कार्ये दोन असल्याचे कळले, पण समोरची कोशिका कोणत्या वंशातील हे सांगता येत नव्हते.

उत्तर उंदरांच्या शुद्ध वंशांतून मिळाले. एका वंशाच्या कोशिका दुसऱ्या वंशाच्या उंदरांना टोचल्यास ज्या प्रथिनांत दोहोंचा फरक असेल त्यांविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात. अशा रीतीने १९६४ मध्ये वर्णिलेले थीटा प्रतिजन हे टी कोशिकांचे चिन्ह असल्याचे मार्टिन रॅफ यांनी १९६९ मध्ये दाखविले. हार्व्हे कँटर व एडवर्ड बॉइस यांनी १९७५ मध्ये ‘लाय’ प्रतिजनांविरुद्धच्या प्रतिपिंडांनी निवडक टी कोशिका मारल्या व उरलेल्यांत कोणते कार्य उणे पडते ते तपासले. साहाय्य करणाऱ्या आणि मारक टी कोशिका भिन्न असल्याचे त्यावरून दिसून आले.

मानवात असे शुद्ध वंश नाहीत. सशांना मानवी कोशिका टोचून मिळविलेल्या रक्तरसात नाना प्रतिपिंडांची सरमिसळ असे. प्रत्येक सशाचा रक्तरस निराळा आणि तो संपला की तोच प्रयोग पुन्हा करणे अवघड. ही अडचण गेऑर्ग्स कोलर व सीझर मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे दूर केली. प्रतिपिंड तयार करणाऱ्या उंदराच्या प्लीहेतील कोशिकेचा मज्जार्बुदाच्या (अस्थिमज्जेतील एका कर्करोगाच्या) कोशिकेशी संयोग करून त्यांनी एकच प्रतिपिंड अखंड निर्माण करणारा वंश मिळविला. श्वेत कोशिका ओळखणे हा त्यांचा मूळ हेतू नव्हता; प्रतिपिंडांतील विविधता कशी उद्‌भवते, हा त्यांचा प्रश्न होता. या पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतले गेले नाही, त्यामुळे ती झपाट्याने पसरली. याच सुमारास स्टॅनफर्ड येथील लेनर्ड हर्झेनबर्ग व त्यांचे सहकारी कोशिका वेगळ्या करणारे यंत्र विकसित करीत होते. अनुस्फुरक रंजकाने चिन्हित केलेले प्रतिपिंड लावलेल्या कोशिका एकामागून एक लेसर किरणासमोरून जातात, थेंबांत अडकतात आणि विद्युत् भार दिलेले थेंब अपेक्षित पात्रात वळविले जातात. कोशिका जिवंत राहत असल्याने त्यांचे कार्यही तपासता येते.

मग प्रतिपिंडांचा सुकाळ झाला व नावांचा गोंधळ उडाला. ओकेटी४ व ल्यू-३ ही वेगवेगळ्या प्रयोगशाळांची नावे वस्तुतः एकाच प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांची होती. पॅरिस येथे १९८२ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कार्यसत्रात प्रतिपिंडांची तुलना करून सारखे वर्तन करणाऱ्यांना एका गटात घालण्यात आले व गटाला ‘सीडी’ क्रमांक मिळाला. वरील दोन्ही सीडी४ मध्ये आले. आता हे क्रमांक ३७० च्या पुढे गेले आहेत. क्रमांकावरून कार्य मात्र कळत नाही.

या साधनाचे मोल लवकरच कळून आले. अमेरिकेत १९८१ मध्ये विरळ संक्रामणांनी आजारी पडलेल्या तरुणांच्या रक्तात साहाय्यक टी कोशिका जवळजवळ नाहीशा झाल्याचे या प्रतिपिंडांनी दाखविले. एड्सचा विषाणू तेव्हा अज्ञात होता. सीडी४ हेच विषाणूचे प्रवेशद्वार असल्याचे १९८४ मध्ये सिद्ध झाले. पुढे दर घन मिमी. रक्तात २०० पेक्षा कमी सीडी४ कोशिका हे रोगाच्या प्रगत अवस्थेचे गमक ठरले. भारतात १ एप्रिल २००४ पासून सुरू झालेल्या मोफत उपचारांतही ही गणना दीर्घकाळ निर्णायक होती. उपचार गणनेची वाट न पाहता सुरू करावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली.

चिन्ह हेच कार्य मानण्याची घाईही झाली. सीडी८ असलेल्या कोशिकांना ‘दमनकारी’ म्हटले गेले, पण त्या संकल्पनेचा पाया १९८० नंतरच्या दशकात ढासळला. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये उंदरांत प्रतिक्रिया आवरणाऱ्या टी कोशिका दाखविल्या, त्या सीडी४ व सीडी२५ धारण करणाऱ्या होत्या. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना व अन्य दोघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि उत्तेजित झालेल्या इतर टी कोशिकांवरही सीडी२५ आढळते. अधिक विश्वसनीय चिन्ह असलेले फॉक्सपी३ हे प्रथिन केंद्रकात असते. तेथवर प्रतिपिंड पोहोचविण्यासाठी पटलाला छिद्रे पाडावी लागतात व कोशिका मरते. त्यामुळे मानवी रक्तातून या कोशिका जिवंत वेगळ्या करताना सीडी२५ अधिक आणि सीडी१२७ कमी असलेल्या कोशिका निवडतात.