मालधक्क्यावरच्या नंबराची कुळकथा

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव शहराला रेल्वे नाही, पण तालुक्यातल्या एका गावाने ती नावातच घेतली आहे: जऊळका रेल्वे. हे अकोला-पूर्णा मार्गावरचं स्टेशन. हा मार्ग मीटरगेज होता तोवर इकडचा माल मुंबईकडे धाडायचा तर अकोल्यात उतरवून पुन्हा चढवावा लागे. 2008 मध्ये ब्रॉडगेज झालं आणि ती कटकट मिटली. तरीही मालेगावात अडत दुकानासमोर सोयाबीनसाठी उभा दिसतो तो ट्रकच. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो. टोल भरला की त्यावर कोणाचाही ट्रक धावतो, रुळांवर मात्र तसं चालत नाही. तिथे आधी मागणी नोंदवायची, मग नंबराची वाट पाहायची. या नंबराचं मूळ शोधत गेलो की दोनशे वर्षांची भांडणं हाती लागतात.

1825 मध्ये इंग्लंडात स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली तेव्हा रूळ आजच्या टोल रस्त्यासारखेच होते. पैसे भरा, आपला घोडा आणा, आपली वाघीण आणा आणि कोळसा न्या. मार्ग एकेरी होता आणि बाजूला सरायला मधूनमधून जागा ठेवलेल्या होत्या. समोरासमोर आले की मागे कोणी हटायचं यावरून जुंपायची. शेवटी 1833 च्या सुमारास कंपनीने गाड्या स्वतःच चालवायला घेतल्या. भांडणं थांबली, पण रुळाचा मालक आणि वाहतूकदार एकच झाला. मग तो मर्जीतल्या व्यापाऱ्याला कमी दर लावी आणि दुसऱ्याला वाघिणीसाठी तिष्ठत ठेवी. व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर 1854 मध्ये पार्लमेंटने कायदा केला. एडवर्ड कार्डवेल यांनी आणलेला म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कोणत्याही माणसाला किंवा मालाला अवाजवी झुकतं माप द्यायचं नाही, असं त्यात सांगितलं होतं. तेच कलम जवळजवळ जसंच्या तसं 1890 च्या भारतीय रेल्वे कायद्यात आलं.

कायदा आला तरी वऱ्हाडातल्या कापसाला त्याचा फार उपयोग झाला नाही. खामगावला 1870 मध्येच फाटा टाकला होता, तो कापूस मुंबईच्या बंदराकडे ओढण्यासाठी. दरांची रचनाही तशीच होती. आपल्या स्टेशनावरचा माल थोडं अंतर जाऊन दुसऱ्या कंपनीच्या मार्गावर चढणार असं दिसलं की तेवढ्या तुकड्याला कंपनी मैलामागे भरमसाट दर लावी. त्याला ब्लॉक रेट म्हणत. बंदराकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याला मात्र स्वस्त दर असे. म्हणजे कच्चा माल बाहेर जायला वाट मोकळी आणि देशातल्या गिरणीकडे वळला की दंड! 1916-18 च्या औद्योगिक आयोगापुढे हे गाऱ्हाणं मांडलं गेलं. रेल्वेच्या कारभारासाठी नेमलेल्या अॅकवर्थ समितीने 1921 मध्ये दरांसाठी न्यायाधिकरण सुचवलं. सरकारने 1926 मध्ये नेमली ती नुसती सल्लागार समिती. न्यायाधिकरण यायला 1949 उजाडलं.

याच काळातला एक नमुना वाशीम जिल्ह्यातच, कारंज्याला पाहायला मिळतो. मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची 'शकुंतला'. रूळ सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे आणि ती कंपनी मुंबईच्या किलिक-निक्सनची. गाड्या चालवायची जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे, आणि उत्पन्नातला वाटा रुळाच्या मालकाला मिळायचा. स्वातंत्र्यानंतर मोठ्या कंपन्या सरकारजमा झाल्या, शकुंतला राहून गेली. मग भारतीय रेल्वेच या खाजगी रुळांवर गाडी चालवत राहिली. मँचेस्टरमध्ये 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत इथे धावलं. लोक या गोष्टीकडे गंमत म्हणून पाहतात. मला त्यात दुसरंच दिसतं. रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची ही व्यवस्था आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच होती, तरी कारंज्याच्या व्यापाऱ्याला निवड नव्हती. कारण गाडी चालवणारा दुसरा कोणी नव्हताच.

युरोपने नेमकी हीच गाठ सोडवली. स्वीडनने 1988 मध्ये रूळ आणि गाड्या यांचा संसार वेगळा केला. 1991 च्या युरोपीय निर्देशाने सगळ्या सदस्य देशांना निदान दोन्हींचे हिशेब तरी वेगळे ठेवायला लावले. 2007 च्या आरंभापासून मालवाहतूक कोणत्याही परवानाधारक कंपनीला खुली झाली. रुळाचं भाडं किती, वेळ कोणाला कशी मिळणार, हे रूळवाल्याने आधी जाहीर करायचं. तक्रार असेल तर नियामकाकडे जायचं. जर्मनीत वीज, टपाल आणि दूरसंचार यांवर नजर ठेवणारी संस्थाच रुळांवरही नजर ठेवते.

आपल्याकडे 2006 मध्ये खाजगी कंटेनर गाड्यांना दार किलकिलं झालं. वाघिणी कंपनीच्या आणि रूळ, इंजिन, चालक रेल्वेचे. स्पर्धेतली कॉनकॉर कंपनीही रेल्वे मंत्रालयाचीच. अर्शिया या कंटेनर कंपनीने रेल्वेविरुद्ध स्पर्धा आयोगात दाद मागितली. रेल्वेचं म्हणणं होतं, आम्ही सरकार, आयोगाचा आमच्याशी संबंध काय? दिल्ली उच्च न्यायालयाने 2012 मध्ये ते फेटाळलं. त्याच वर्षी आयोगाने मूळ तक्रारही फेटाळली. रेल्वे विकास प्राधिकरणाला मंत्रिमंडळाने 2017 मध्ये मंजुरी दिली, पण तेही सल्ला देणारंच. पुन्हा 1926!

आता नंबराकडे येऊ. मागणी ज्या दिवशी नोंदली त्या क्रमाने वाघिणी द्यायच्या, ही झुकत्या मापाच्या बंदीची सगळ्यात साधी अंमलबजावणी. 1989 च्या कायद्यात ही बंदी कलम 70 मध्ये आहे, आणि लगेच कलम 71 केंद्र सरकारला काही मालाला अग्रक्रम द्यायची मुभा देतं. त्यामुळे लष्कराचा माल आधी, सरकारी धान्यही वरच्या वर्गात. इथवर कोणाची तक्रार नसावी.

खरी मेख रॅकमध्ये आहे. पूर्वी एकदोन वाघिणींची मागणी करता येई. 1980 च्या दशकापासून रेल्वेने अख्ख्या गाडीवरच, म्हणजे रॅकवर, भर दिला. धान्याच्या बंद वाघिणींची साधारण चाळिसांची रॅक म्हणजे अडीच हजार टनांच्या आसपास, पंचवीस हजार क्विंटल. ती ठरलेल्या तासांत भरायची. वाघीण अडली तर डेमरेज, माल धक्क्यावर पडून राहिला तर व्हार्फेज. मालेगावच्या अडत्याने एवढं सोयाबीन एका दिवशी कुठून आणायचं? वीस वाघिणींची मिनी रॅक मिळते, पण तीही त्याच्या आवाक्याबाहेरच. त्याला कोणी अडवलेलं नाही, त्याच्यावर कोणाचा राग नाही, तरी तो रांगेत नाही. माझ्या मते अवाजवी झुकतं माप म्हणतात ते हेच, फक्त आता ते माणूस पाहून दिलं जात नाही, आकार पाहून दिलं जातं.

ज्या व्यापाऱ्यांना किंवा शेतकरी कंपन्यांना दाद मागायची असेल त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. दर न्यायाधिकरण 2017 मध्ये रेल्वे दावा न्यायाधिकरणात विलीन झालं आहे. तक्रार कलम 36 खाली करायची. तशाच मालाला दुसऱ्या भागातल्या व्यापाऱ्याला कमी दर लावला एवढं दाखवून दिलं, की ते झुकतं माप नाही हे सिद्ध करायची जबाबदारी रेल्वेवर येते. डेमरेज आणि व्हार्फेजच्या दरांचं गाऱ्हाणं मात्र तिथे नेऊ नका. कलम 37 ने ते न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेर ठेवलं आहे.