पिंगलाची ‘नष्ट’ रीती आणि द्विमान संख्यापद्धती

दशमान संख्येस २ ने पुनःपुन्हा भागून आलेल्या बाक्या शेवटाकडून वाचल्या असता तिचे द्विमान रूप मिळते. ६ ला असे भागताना ०, १, १ या बाक्या येतात. म्हणून तिचे द्विमान रूप ११० होय.

या रीतीशी समांतर अशी ‘नष्ट’ नावाची प्रक्रिया पिंगलाच्या छंदःशास्त्रात आढळते. लघु-गुरूंच्या सर्व शक्य रचनांची क्रमवार मांडणी म्हणजे प्रस्तार. त्यातील क्रमांकावरून रचना शोधणे हा ‘नष्टा’चा हेतू. क्रमांक सम असल्यास त्याची निमपट करून लघु मांडावा. विषम असल्यास १ मिळवून निमपट करावी व गुरु मांडावा. त्र्यक्षरी प्रस्तारात ७ या क्रमांकावरून गुरु, लघु, लघु, म्हणजेच ‘भ’ गण मिळतो. गुरु ० व लघु १ मानल्यास हा क्रम ६ च्या बाक्यांशी तंतोतंत जुळतो. प्रस्ताराची गणना १ पासून होत असल्याने एकाचा फरक पडतो, इतकेच.

तथापि, एवढ्यावरून पिंगलास द्विमान अंकपद्धतीचा जनक ठरविणे इतिहासास धरून होणार नाही. त्याच्यापुढील प्रश्न वृत्तरचनांचा होता, संख्यालेखनाचा नव्हे. ० आणि १ या अंकांनी संख्यालेखन व त्यांवरील गणितक्रिया लायबनिट्झने १७०३ च्या निबंधात मांडल्या. पिंगलाचे श्रेय रीतीचे आहे आणि ते स्वतंत्रपणे मोठे आहे. अध्यापनात हा भेद राखणे अगत्याचे ठरते.